सोबतीची माणसे : दत्तक पालकांच्या पत्रांना उत्तरे

मुलांना दत्तक घेतलेल्या घरांतून आलेली बरीच पत्रे गेल्या दोन महिन्यांत साठली आहेत. त्यांपैकी तीन पत्रांना या अंकात उत्तर देत आहे. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमची मुलगी सहा वर्षांची आहे. ती चौदा महिन्यांची असताना ओडिशातील एका संस्थेतून आमच्या घरी आली. आपण दत्तक आहोत हे तिला कळत्या वयापासून ठाऊक आहे. अलीकडे मात्र ती रात्री झोपताना विचारते, "आई, माझ्यासारखे दुसरे कोणी आहे का?" आमच्या ओळखीत दत्तक मूल असलेले एकही कुटुंब नाही. मुंबईतील अशा कुटुंबांचा एखादा गट सुरू करावा असे मला वाटते. माझ्या पतींना मात्र भीती वाटते की, अशा ठिकाणी नेल्याने मुलीवर नसता शिक्का बसेल. आम्ही काय करावे?
— एक आई, मुलुंड

उत्तर : तुमच्या मुलीला काय हवे आहे ते तिने अगदी नेमके सांगितले आहे. जन्मदात्या आईविषयीचा प्रश्न ती पुढे विचारील, तेव्हा त्याचेही उत्तर द्यावे लागेल. आज ती सोबत मागते आहे. "हो बाळा, पुष्कळ मुले आहेत," एवढे सांगून तिचे समाधान होणार नाही, कारण सहा वर्षांच्या मुलाचा विश्वास डोळ्यांना दिसेल त्यावर बसतो.

तुम्हाला असे एकटे का वाटते, याचे कारण थोडे व्यवस्थेतही आहे. पूर्वी मुंबईचे जोडपे बहुधा मुंबई-पुण्याच्याच एखाद्या संस्थेतून मूल घरी आणत असे. त्या संस्थेतल्या ताई सगळ्या घरांना ओळखत, पालकांची गाठभेट तिथल्या बाकावरच होई आणि पुढे वर्षानुवर्षे त्यांचे येणे-जाणे राही. ऑगस्ट २०१५ पासून केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या ऑनलाइन प्रणालीमार्फत देशभरासाठी एकच प्रतीक्षा यादी झाली. त्यामुळे कारभारात पारदर्शकता आली आणि वशिल्याला आळा बसला, हे चांगलेच झाले. पण मुंबईच्या घरी येणारे मूल आता ओडिशाचे किंवा झारखंडचे असू शकते, संस्था शेकडो किलोमीटर दूर राहते, आणि शेजारच्याच स्टेशनवर राहणाऱ्या दुसऱ्या दत्तक कुटुंबाचा आपल्याला पत्ताही नसतो. त्यातच नियमानुसार मूल घरी आल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी समाजसेविका भेटीला येते आणि अहवाल देते. तुमच्या मुलीच्या बाबतीत त्या भेटी ती सव्वातीन वर्षांची असतानाच संपल्या असतील. मुले पहिले अवघड प्रश्न विचारतात ती पाचव्या-सहाव्या वर्षी, आणि त्याहून अवघड प्रश्न येतात तेराव्या-चौदाव्या वर्षी. म्हणजे ज्या वयात घराला खरा आधार हवा, त्या वयात विचारपूस करणारे कोणी उरलेले नसते. ही पोकळी पालकांनी एकमेकांच्या सोबतीने भरून काढणे मला अत्यंत निकडीचे वाटते.

आता तुमच्या पतींची शंका. ती मनापासूनची आहे. तिला उडवून लावू नका. ज्या गोष्टीचा उल्लेख घरात आणि नात्यात दबक्या आवाजात होतो, तिचाच शिक्का होतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. दादरला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर भरणाऱ्या मेळाव्यातला प्रसंग सांगते. जमिनीवर सतरंजी पसरलेली होती आणि मुले रंगीत खडूंनी चित्रे काढत होती. सात वर्षांच्या एका मुलीने शेजारच्या मुलाला विचारले, "तुला पण आणलंय का?" त्याने मान वर न करताच सांगितले, "हो. नागपूरहून. तुला?" ती म्हणाली, "मला लातूरहून," आणि मग त्याच्या हातातला निळा खडू मागून घेतला. त्यानंतर दोघांनी मिळून विमान रंगवले. तो विषय त्या दिवशी पुन्हा निघाला नाही. खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलीच्या वडिलांनी हे सारे ऐकले होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते. तुमच्या पतींना अशा एका मेळाव्याला फक्त एकदा, काही न बोलता बसून राहण्यासाठी घेऊन जा.

सुरुवात चार-पाच कुटुंबांनीच करावी. ती शोधण्यासाठी मुंबईत दत्तकविषयक काम करणाऱ्या संस्थांना पत्र लिहा. गोपनीयतेमुळे त्या तुम्हाला कोणाचे पत्ते देणार नाहीत, आणि देऊही नयेत; मात्र तुमचा निरोप पालकांपर्यंत पोहोचवण्याची विनंती त्यांना अवश्य करता येते. जागा दादरच्या आसपासची निवडली तर पश्चिम आणि मध्य रेल्वे दोन्हींकडच्या मंडळींची सोय होते. दिवस शक्यतो शनिवारचा ठेवा, कारण रविवारी मेगाब्लॉक असला की लहान मूल कडेवर घेऊन कल्याणहून किंवा पनवेलहून येणारी आई एकदा येते आणि पुन्हा यायला धजत नाही. परीक्षांच्या दिवसांत आणि भर पावसात उपस्थिती रोडावते. तेव्हाही ठरलेली तारीख मोडू नका, दोनच घरे आली तरी भेटा.

पहिला तासभर सर्वांनी एकत्र खेळावे, खावे. नंतर मोठ्यांनी वेगळ्या खोलीत बसावे, कारण मुले खेळता खेळता सर्व ऐकत असतात. या बैठकीसाठी मी एकच नियम आग्रहाने सांगेन : मुलाची हकीकत ही मुलाची मालमत्ता आहे. त्याला संस्थेत कोणी सोडले, तो कोठे सापडला, जन्मदात्या आईची परिस्थिती काय होती, यांतले काहीही गटात सांगायचे नाही. अगदी विश्वासातल्या माणसांतही नाही. ते मुलाने स्वतः, त्याला वाटेल तेव्हा, वाटेल त्याला सांगायचे आहे. पालकांनी स्वतःविषयी बोलावे : आपली भीती, आपला थकवा, मूल अजून आपल्याला चिकटत नाही म्हणून आलेले रडू, वंध्यत्वाच्या उपचारांची वर्षे आणि त्यांची अजून न संपलेली सल. हे बोलायला दुसरी जागा नसते आणि ते ऐकणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, हीच अशा गटाची मोठी देणगी आहे. व्हॉट्सॲपवर गट केलात तर हाच नियम तिथेही लावा आणि मुलांची छायाचित्रे तिथे टाकू नका.

प्रतीक्षा यादीत असलेली जोडपीही उत्सुकतेने येतील. त्यांना आधार हवाच असतो, पण त्यांच्यासाठी बैठक वेगळी ठेवा. ती एकत्र घेतली की यादीतला क्रमांक किती पुढे सरकला याचीच चर्चा दोन तास चालते आणि मुलांचे पालक मुकाट्याने चहा घेऊन परततात. याउलट आजी-आजोबांना आवर्जून बोलवा. दत्तक म्हणून वाढलेली आणि आता नोकरी-संसारात असलेली तरुण मुले-मुली मिळाली तर त्यांच्यासारखे मार्गदर्शक नाहीत. मात्र त्यांना व्यासपीठावर बसवून प्रश्नांची सरबत्ती करू नका, सतरंजीवर मुलांबरोबर बसू द्या.

गट जुना होईल तशी त्यातली मुले पंधरा-सोळा वर्षांची होतील आणि आपल्या मुळाचा शोध घेण्याचा विषय निघेल. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला त्यासाठी स्वतंत्रपणे अर्ज करता येतो, त्याहून लहान मुलाला दत्तक पालकांसह संयुक्तपणे अर्ज करता येतो, आणि जन्मदात्या पालकांच्या गोपनीयतेचाही त्यात मान राखला जातो. तिऱ्हाइताला असा शोध घेता येत नाही. म्हणून गटातल्या कोणी उत्साहाने "मी ओळखीतून चौकशी करतो" म्हटले तर त्याला तिथेच थांबवा आणि कुटुंबाला संस्थेकडे व अनुभवी समुपदेशकाकडे पाठवा.

प्रश्न : मी गिरगावात चाळीत राहते. माझी लेक आणि जावई पुढच्या महिन्यात पाच वर्षांच्या मुलाला दत्तक घेऊन घरी आणणार आहेत. मला आनंद आहे, पण काही गोष्टी समजत नाहीत. बारसे करून घरात शोभेल असे नाव ठेवावे का? शेजारणी खोदून खोदून विचारतात, त्यांना काय सांगावे? माझे दीर तर स्पष्टच म्हणतात की, रक्त ते रक्त.
— होऊ घातलेली आजी, गिरगाव

उत्तर : आजी, मुलाला आपले मानणाऱ्या माणसांची सुरुवात तुमच्यापासून होते, म्हणून तुमच्या पत्राने मला विशेष आनंद झाला.

नाव बदलू नका. पाच वर्षांच्या मुलाने आपले म्हणून बरोबर आणलेले बहुधा तेवढेच असते. त्याचे नाव तुमच्या तोंडात बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून पाहा. बारशाऐवजी दारात औक्षण करा, आणि त्या वेळी घरातली चार माणसेच असू द्या. पहिले काही आठवडे सबंध चाळ त्याला पाहायला लोटली, तर कोणाच्या कुशीत शिरायचे हेच त्याला कळणार नाही. त्याची भाषा कदाचित वेगळी असेल. 'पाणी', 'भूक', 'झोप' यांना त्याच्या भाषेत काय म्हणतात ते लेकीला आधीच संस्थेतून विचारून घ्यायला सांगा.

आणखी एक. मोठ्या वयात आलेली काही मुले उशीखाली किंवा दप्तरात पोळी लपवून ठेवतात. एका आजीने मला सांगितले होते की, नातवाच्या गादीखाली वाळलेल्या पोळीचे चार तुकडे सापडले, तेव्हा आपण न ओरडता त्याच्या हाताला येईल अशा फळीवर एक डबा ठेवला, त्यात रोज लाडू किंवा चुरमुरे भरले आणि "हा तुझा डबा, कधीही उघड" असे त्याला सांगितले. दोन-अडीच महिन्यांनी पोळ्या सापडायच्या थांबल्या. त्यांनी डबा मात्र पुढेही भरत ठेवला.

शेजारणींसाठी एक वाक्य तयार ठेवा : "आमचा नातू आलाय, लाजाळू आहे, हळूहळू रुळेल." त्यापुढच्या चौकश्यांना "ते त्याचे तो मोठा झाल्यावर सांगेल" एवढेच उत्तर द्या. "फार पुण्याचे काम केलेत" असे म्हणणाऱ्याला मात्र लगेच, मुलासमोरच सांगा की, नातू मिळाल्याने नशीब आमचे उघडले. उपकारावर आपण वाढतो आहोत असे ऐकत मोठे झालेले मूल रुसायला आणि हट्ट करायलाही घाबरते.

दिरांना कायदा सांगायचा तर तो स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार दत्तक आदेशाच्या तारखेपासून ते मूल सर्व प्रयोजनांसाठी दत्तक आईवडिलांच्या पोटी जन्मल्याप्रमाणेच त्यांचे होते. पण मला वाटते, त्यांना जोतीराव आणि सावित्रीबाईंची आठवण करून द्यावी. त्यांनी १८७४ मध्ये काशीबाई या विधवा ब्राह्मण स्त्रीच्या मुलाला, यशवंताला, दत्तक घेतले. १८८७ च्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस नेमले, तरी १८९० मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी यशवंताच्या हक्काला हरकत घेतली, आणि तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे, म्हणजे अंत्ययात्रेपुढे धरायचे मडके, हाती धरले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रुग्णांची सेवा करीत होत्या. रक्ताच्या नात्याचे दाखले देणाऱ्यांपुढे तुम्हाला सव्वाशे वर्षांपूर्वीचे हे घरचे उदाहरण ठेवता येईल.

प्रश्न : मी एकल माता आहे. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना घरी आला, आता तो दुसरीत आहे. शाळेने 'मी आणि माझे कुटुंब' या तक्त्यासाठी जन्मानंतरचे पहिले छायाचित्र, वडिलांचे नाव आणि कोणासारखा दिसतो ते लिहून आणायला सांगितले आहे. तो तीन दिवस दप्तर उघडत नाही.
— एक वाचक, गोरेगाव

उत्तर : आज-उद्याच वर्गशिक्षिकांना एकटीने भेटा. मुलाची हकीकत त्यांना सांगण्याची गरज नाही. सूचना बदलून 'लहानपणचे कोणतेही आवडते छायाचित्र' आणि 'माझ्या घरातील माणसे' अशी करावी एवढेच मागा, आणि ती सबंध वर्गासाठी बदलावी असा आग्रह धरा, म्हणजे तुमचा मुलगा एकटा वेगळा दिसणार नाही. ज्यांचे वडील वारले आहेत किंवा वेगळे राहतात, अशी मुले त्या वर्गात असणारच, आणि त्यांच्याही दप्तरात हाच तक्ता कोरा पडलेला असेल.

संस्थेने दिलेल्या बाल अध्ययन अहवालात त्याचे छायाचित्र असते. शिवाय तिथल्या सांभाळणाऱ्या मावशींकडे त्याहून आधीचे एखादे असू शकते, म्हणून संस्थेला विचारून पाहा. मिळालेले छायाचित्र शाळेत पाठवायची घाई करू नका. आधी ते त्याला घरी दाखवा, हवा तेवढा वेळ त्याच्या हातात राहू द्या, आणि तक्त्यावर चिकटवायचे की स्वतःच्या कपाटात ठेवायचे ते त्यालाच ठरवू द्या.