'शिष्य बनवणे' का 'शिष्यत्व'? आणि मेंटरला काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांसाठी डिसायपलशिप (येशूचं शिष्य म्हणून घडणं) सुरू होतेय, वर्ग वगैरे नाही, एकेका जाणत्या माणसाबरोबर दोनतीन पोरांनी उठायबसायचं, जेवायचं, प्रार्थना करायची, त्याच्या कामाला हात लावायचा. तर बोर्डावर 'शिष्य बनवणे' लिहावं का 'शिष्यत्व', आणि त्या जाणत्या माणसाला, मेंटरला, मराठीत काय म्हणावं.

'बनवणे' तेवढं काढा की ओ. "मला बनवतो काय" आपण कधी म्हणतो ते सांगायला नको. 'घडवणे' लिहा.

'शिष्यत्व' रुळलेला आहे, चालेल. खरी गोची 'शिष्य'ला लागणाऱ्या 'चा'ची आहे. मराठीत शिष्य म्हटलं की कोणाचा हे लगेच येतं, आणि "त्यांनी त्याला शिष्य केलं" म्हटलं तर स्वतःचाच केला असं आपण धरून चालतो. बायबलात मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 28व्या अध्यायात "शिष्य करा" आहे तिथं मात्र होणारे शिष्य येशूचे, करणाऱ्याचे नाहीत, आणि त्याच मत्तयात 23व्या अध्यायात गुरुजी म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच, तुम्ही सगळे भाऊ, असं सरळ सांगितलंय. म्हणून मेंटरला 'गुरू' नको. 'मार्गदर्शक' बरा, पण त्याला पीएचडीचा वास येतो.

आता सोबत राहण्याचं. 'शिष्य' संस्कृत 'शास्' धातूवरून, ज्याला शिकवायचं तो. ग्रीक 'मथेतेस' म्हणजे शिकणारा. एकत्र राहणं दोन्ही शब्दांत दिसत नाही. ते 'अंतेवासी'त आहे, गुरूजवळ राहणारा, आणि पालीतल्या 'सद्धिविहारिक'मध्येही, म्हणजे सोबत राहणाऱ्या बौद्ध शिष्याच्या नावात, आहे, पण बोर्डावर 'अंतेवासी' लिहिलं तर लोक हॉस्टेलच्या फीची चौकशी करतील. शब्दात नसलं तरी गोष्टीत आहेच म्हणा, मार्कच्या शुभवर्तमानात 3:14 बघा, येशूनं बारा जण नेमले ते आधी आपल्याबरोबर असावेत म्हणून, प्रचाराला पाठवायचं त्याच्यानंतर येतं.

आपल्याकडं मागावर शिकलेला माणूस कोर्स केला असं सांगत नाही, "अमक्याच्या हाताखाली शिकलो" म्हणतो, आणि माग घरातच असायचा तेव्हा त्या हाताखालीत घरचं जेवण, घरची बोलणी सगळंच आलं. मला हा शब्दप्रयोग इथं फार आवडला असता. बायबलातला प्रेषित पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्लाकडं राहिला, धंदा एकच, तंबू करायचा, आणि पुढं याच नवराबायकोनं अपुल्लो नावाच्या प्रचारकाला जवळ घेऊन नीट समजावलं (प्रेषितांची कृत्ये, 18वा अध्याय). पण 'हाताखाली'त साहेब-नोकर पण डोकावतो, त्यामुळं मंडळीत 'सोबतीनं' बरं.

म्हणजे बोर्डावर 'येशूचे शिष्य घडताना' असं काहीतरी, आणि मेंटरला वेगळं पद कशाला, पोरं काका, ताई म्हणतातच. कोणी विचारलं तर "मी अमुक काकांच्या सोबतीनं शिकतोय" एवढं पुरे.