कोकोचा स्निग्धांश, देशाचा ताळेबंद आणि आपलं कोकम

चॉकलेटातल्या स्निग्धांशावर मागच्या वेळी लिहिलं, तेव्हापासून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांचे प्रश्न येत आहेत. त्यांतले चार आज घेतो.

प्रश्न (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, चिपळूण): जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अन्नताळेबंदातून मी भारताचे आकडे घेतले. कोकोपासून माणशी रोज मिळणाऱ्या स्निग्धांशाची रेषा चढताना दिसते. ‘भारतीय लोक चॉकलेटमधून पूर्वीपेक्षा जास्त चरबी खातात’ असं प्रकल्पात लिहू का?

उत्तर: ‘खातात’ हा शब्द काढा, ‘उपलब्ध होते’ असं लिहा. ताळेबंद कोणाच्या ताटात डोकावत नाही. देशातलं उत्पादन घ्यायचं, त्यात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची, साठ्यातला फरक, वाटेतली नासाडी आणि अन्नाखेरीज इतर वापर बाजूला काढायचा. उरेल त्याला लोकसंख्येनं भागायचं. घरी आणून फेकून दिलेलं चॉकलेटसुद्धा त्यात मिळालेलंच धरतात. मुंबईतल्या कॅफेत रिचणारा कोको राजापूरच्या एखाद्या आजींच्या नावावरही तितकाच चढतो, मग त्यांनी जन्मात चॉकलेट खाल्लेलं नसलं तरी.

आकडा किती लहान आहे ते स्वतः मांडून पाहा. आपल्या देशात वर्षाला साधारण ३० हजार टन सुकं कोको बी निघतं, तेही मुख्यतः आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडूत. १४० कोटी लोकांत वाटलं तर माणशी वर्षाला जेमतेम २१ ग्रॅम. बियांत निम्मा स्निग्धांश धरा, म्हणजे साडेदहा ग्रॅम, रोजचा ०.०३ ग्रॅम. आयात याहून मोठी आहे, पण ती मिळवली तरी आपण ग्रॅमच्या दशांशातच राहतो. फोडणीच्या एका चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम तेल असतं.

इथेच आलेख फसवतो. समजा एका वर्षी ०.१४ होतं, पुढच्या वर्षी ०.१६ झालं. एका दशांशापर्यंत छापलं की ०.१ चं ०.२ होतं आणि आपण ‘दुप्पट’ म्हणून मोकळे! दुसरी एक अडचण तुमच्या रेषेत लपलेली असू शकते: संघटनेची जुनी मालिका २०१३ ला संपते, नवी २०१० पासून सुरू होते आणि दोन्हींची पद्धत वेगळी आहे. त्या जोडून एक रेषा काढू नका. जी वर्षं दोन्हींत आहेत, तिथला फरक आधी तपासा.

शिवाय आयात कशाची वाढली तेही पाहा. बी दळून दाबलं की कोको बटर वेगळं निघतं आणि मागे राहिलेल्या पेंडीची पावडर होते. नेहमीच्या पावडरीत १०-१२ टक्केच स्निग्धांश उरतो. एक टन पावडर आणि एक टन बटर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे सगळं लिहून त्याशेजारी वनस्पती तेलांची ओळ मांडलीत, तर प्रकल्प खरोखर चांगला होईल. आपल्या आहारातल्या स्निग्धांशाची खरी गोष्ट तिथे आहे. खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज आपण आयातीवर भागवतो.

प्रश्न (गृहिणी, देवगड): गणपतीत चॉकलेटचे मोदक करते. एका पाकिटातलं चॉकलेट हातातच विरघळतं, दुसरं मस्त टिकतं. टिकणारं चांगलं ना?

उत्तर: करायला सोपं, हे खरं. पण त्यात कोको बटर बहुधा नसतं. कोको बटर साधारण ३४ अंशांला वितळतं, म्हणून ते तोंडात टाकताच विरघळतं आणि आपल्या दमट हवेत हातातही. टिकणारं असतं ते कंपाउंड: कोको पावडर, साखर आणि हायड्रोजनेटेड वनस्पती स्निग्धांश, बऱ्याचदा पाम कर्नेलचा. ताळेबंदात तो कोकोच्या नव्हे, तेलाच्या खात्यात जातो. पाकिटामागची यादी वाचून घ्या. खऱ्या चॉकलेटचे मोदक करायचे तर डार्क चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ पर्यंत निववा, मग ३१-३२ ला आणून साच्यात भरा. हे केलं नाही तर वर पांढरट पट्टे येतात.

प्रश्न (बागायतदार, गुहागर): २०२४ मध्ये कोकोचा भाव टनाला १० हजार डॉलरवर गेला असं वाचलं. माडांच्या बागेत लावावा का?

उत्तर: त्या भावाकडे पाहून लावू नका. तो आयव्हरी कोस्ट आणि घानातल्या खराब हवामानामुळे आणि रोगांमुळे चढला, २०२५ मध्ये उतरलाही. माडाची सावली कोकोला मानवते, पण पावसाळ्यानंतर मे अखेरपर्यंत पाणी द्यावं लागेल, पावसात शेंगा काळ्या पडून कुजतात, आणि माकडं व खारी तर तुमच्याआधी हजर होतील. ओलं बी पाच-सहा दिवस आंबवावंही लागतं. जवळ खरेदीदार नसेल तर रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातली, माडांत लावलेल्या जायफळ, दालचिनी, मिरीची ‘लाखी बाग’ पाहून या.

प्रश्न (बचत गटातील ताई, सावंतवाडी): कोकमाचं तेल युरोपात चॉकलेटात चालतं, हे खरं का?

उत्तर: खरं आहे, आणि हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय पाच टक्क्यांपर्यंत सहाच वनस्पती स्निग्धांश चालतात. पाम, साल-शिया-इलिपे या झाडांच्या बिया, आंब्याची कोय आणि आपलं कोकम! आपल्याकडेही आता पाच टक्क्यांची मुभा आहे, मात्र वेष्टनावर तसं लिहावं लागतं.

कोकमच का, तर त्याची घडण कोको बटरशी जुळते. दोन्हींत स्टिअरिक आणि ओलेइक आम्लं भरपूर. कोकमात स्टिअरिक निम्म्याहून जास्त, म्हणून ते ४० अंशांच्या आसपास वितळतं. थोडं मिसळलं की उष्ण हवेत चॉकलेट घट्ट राहायला मदत होते. आपण मात्र ते भेगाळलेल्या टाचांना चोळण्यापुरतं ठेवलं आणि रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं आमसुलांना घेऊन बिया उकिरड्यावर टाकत आलो.

पण घरी बिया कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तेल मुठीत वळून केलेले गोळे कारखाना घेणार नाही. त्याला शुद्ध, वास काढलेलं तेल लागतं. तुमच्या गटानं आधी बियांवर लक्ष द्यावं. रातांबे फोडल्यावर बिया गर काढून लगेच धुवा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मेमधले पहिले वळवाचे थेंब पडण्याआधी कोरड्या पोत्यांत भरा. ओल्या राहिल्या तर आतल्या तेलाची आम्लता वाढते आणि भाव तिथेच पडतो.