जर्मनीतले ४८ हजार युरो म्हणजे मुंबईतले ४८ लाख का?

तुमचा प्रश्न असा आहे: मुंबईत १५ लाख सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) आहे, स्टुटगार्टजवळच्या कंपनीने वर्षाला ४८,००० युरो देऊ केलेत. युरो शंभराच्या घरात धरला तर ४८ लाख होतात. मग पगार खरंच तिपटीहून जास्त होतो का, आणि तिथे काम खरंच कमी असतं का?

तिप्पट होत नाही. काम मात्र कमी असतं, आणि ते तुम्हाला वाटतंय त्याहून बरंच कमी असतं. मी त्याच भागात चार वर्षं प्रॉडक्शनमध्ये होतो. दोन वर्षांपूर्वी डोंबिवलीला परत आलो, आता मरोळला नोकरी करतो. परत यायच्या आधी वही घेऊन हा हिशोब तासातासाने मांडला होता. तोच तुमच्या आकड्यांवर करून दाखवतो.

आधी हातात काय पडतं ते. इथे १५ लाख सीटीसीतून पीएफचे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटी, इन्कम टॅक्स आणि प्रोफेशनल टॅक्स वजा केला की महिन्याला साधारण १ लाख उरतात. तिथे महिन्याचे ४,००० युरो दिसतात, पण एकट्या माणसाला टॅक्स, पेन्शन, आरोग्य आणि बेरोजगारी विमा कापून २,६०० च्या आसपासच मिळतात. (बायको सोबत येणार असेल आणि ती कमावत नसेल तर टॅक्सचा वर्ग बदलतो आणि हातात बरेच जास्त येतात.)

आता तास. मी सकाळी सव्वासातला घर सोडतो. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका. गर्दी, जिना, मेट्रोच्या तपासणीची रांग धरून एका बाजूचे एक तास चाळीस मिनिटं. ऑफिसात साडेनऊ तास. शनिवार कधी असतो, कधी नसतो. महिन्याचे २४ दिवस धरा. म्हणजे कामाचे २२८ आणि प्रवासाचे ८०, एकूण ३०८ तास. एक लाखाला ३०८ ने भागलं की तासाला ३२५ रुपये येतात. तिथे आठवड्याला ४० तास, महिन्याला १७३, आणि ट्रामचे जेमतेम २५. एकूण १९८ तास, तासाला १३ युरो.

हे १३ युरो रुपयांत कसे आणायचे, यातच सगळी गोम आहे. बाजारभावाने १,३०० रुपये होतात. पण तिथे राहून खर्च करायचा असेल तर हा भाव चालत नाही. जागतिक बँक दोन्ही देशांतल्या किमतींवरून क्रयशक्तीचा जो दर काढते, त्याप्रमाणे तिथल्या एका युरोत जे येतं ते इथे २८-३० रुपयांत येतं. म्हणजे तासाला साधारण ३८०. इथे ३२५, तिथे ३८०. तुम्ही ज्याला तिप्पट समजताय तो फरक एवढाच आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. खर्च केलेला युरो २९ रुपयांचा, पण वाचवून घरी पाठवलेला युरो शंभराचा. मी हीटिंगसकट ८९० युरो भाडं भरून, स्वतः रांधून महिन्याला सातशे वाचवत होतो. ते इथे आले की ७० हजार. घराचं कर्ज फेडायचंय, बहिणीचं लग्न आहे, अशी ठरलेली गरज असेल तर जाण्यात नक्की अर्थ आहे. तिथेच कुटुंब वसवायचं असेल तर शंभराने गुणणं आजच थांबवा.

मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच आकड्यांनी. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला महिन्याला १५ हजार मिळतात. बारा तासांची ड्यूटी, आठवड्याची सुट्टी नाही. तासाला ४२ रुपये. जर्मनीत जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. तिथल्या माझ्या कारखान्यात लादी पुसणाऱ्या माणसाला तेवढंच मिळतं असं धरा. टॅक्स, विमा कापून आणि माझ्याइतकाच प्रवास मोजून त्याला तासाला साडेआठ युरो पडतात, म्हणजे २५० रुपयांचं जगणं. तिथे माझा तास त्याच्या दीडपट होता. इथे माझा तास वॉचमनच्या जवळपास आठपट आहे. इंजिनियरचा पगार दोन देशांत फारसा बदलत नाही, बदलतो तो सर्वात खालच्या माणसाचा. मुंबईत मला १ लाखात नीट राहता येतं, कारण धुणंभांडी, इस्त्री, डबा, रिक्षा हे सगळे दुसऱ्याचे स्वस्त तास मी विकत घेतो. हे कळल्यावर मी बाईंचे पैसे वाढवले आणि रविवारची सुट्टी पक्की केली. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र करून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली, तिथे आज वॉचमनला ती नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा इथेही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ आणि जादा कामाला दुप्पट दर होता; सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाचे तास १० करायला मंजुरी दिली. पण व्यवस्थापकीय पदावरचा माणूस या कायद्याबाहेर राहतो. मला कार्डावर ‘डेप्युटी मॅनेजर’ मिळालं आणि ओव्हरटाइम गेला. हाताखाली एकही माणूस नाही.

तिथे दिवसाला ८ तास, फार तर १०, आणि दोन पाळ्यांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती हा नियम आहे, आणि तो पाळतात. एकदा मशीनची चाचणी रात्री साडेनऊपर्यंत लांबली. निघताना सुपरवायझर म्हणाला, उद्या साडेआठच्या आधी गेटच्या आत दिसायचं नाही. आजारी पडलो तेव्हा तीन आठवडे पूर्ण पगार मिळाला. सहा आठवड्यांपर्यंत कंपनीलाच द्यावा लागतो. वर्षाला ३० दिवस रजा होती, शिवाय त्या राज्यात १२ सार्वजनिक सुट्ट्या. ३०८ आणि १९८ यांतला फरक महिन्याला ११० तासांचा आहे. त्या तासांत मी पोहायला शिकलो, आणि आईशी रोज निवांत फोनवर बोललो. इथे तिच्याच घरात राहून तेवढं बोलणं होत नाही.

तरी परत आलो, कारण तिचे गुडघे गेले आणि दवाखान्यात न्यायला घरी दुसरं कोणी नव्हतं. हे माझं कारण, तुमचं नाही.

सही करण्याआधी एचआरला तीन गोष्टी लेखी विचारा. करारात आठवड्याचे तास किती: ३५, ३८ की ४०? पश्चिम जर्मनीत धातू उद्योगाच्या सामूहिक करारात १९९५ पासून ३५ तास आहेत. ४८ हजार ३५ तासांचे असतील तर प्रवास धरूनही तीच ऑफर तासाला जवळपास आठव्या हिश्श्याने वाढते. दुसरं, ओव्हरटाइम पगारातच धरलाय असं कलम आहे का, आणि नसेल तर पैसे देतात की रजा. तिसरं, रजा कायद्याच्या किमान २० दिवसांवर आहे की ३० वर. उत्तरं आली की इथे खाली लिहा, मी तुमचा तासाचा भाव काढून देतो.