जुन्या जीपची टाकी मागे घ्यायची आणि सायलेन्सर फिरवायचा आहे, कसं करावं?

जुनी सीजे ३बी जीप, पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेली. सीटखालची टाकी काढून मागे चासीत मोठी टाकी टाकायची, त्यासाठी सायलेन्सर फिरवायचा, सातारा-सांगली भागात हे कोण करेल आणि किती खर्च येईल, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, "डिझेल गाडी असल्यामुळे आगीची फारशी भीती नाही." मी लिहायला बसलोय ते त्या शेवटच्या वाक्यामुळे. खर्चाचं नंतर बघू.

माझं कराडजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्या हा पोटाचा धंदा, जीपची कामं आवडीची. माझ्या दाजींचं गाव चाफळच्या वर, सडावाघापूरच्या अंगाला. पवनचक्क्यांच्या कामावर माणसं आणि सामान चढवायला त्यांनी तुमच्यासारखीच जीप घेतली, आत महिंद्राच्या एमएम ५४० जीपचं २११२ सीसी प्यूजो डिझेल इंजिन. सीटखालची टाकी चाळीसेक लिटरची, आतून गंजलेली, म्हणून साठ लिटरची नवी टाकी मागे टाकायचं ठरलं. काम मला दिलं नाही. "घरच्या माणसाला काम दिलं की पैशाचं बोलता येत नाही," असं अक्काला म्हणाले आणि दुसऱ्या एकाकडून करून आणलं.

गाडी दारात आली तसा मी खाली शिरलो. टाकी सुबक होती, खोटं का बोला. पण सायलेन्सरचा पाइप टाकीच्या बुडाखालून चार बोटांवरून नेला होता. त्याच बाजूने डिझेलची रिटर्न लाइन, म्हणजे इंजिनला लागून उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारी नळी. ती लाइन म्हणजे साधा रबरी पाइप, गुळगुळीत नळीवर ढकलून वर तारेने आवळलेला. आणि उष्णता लागू नये म्हणून सायलेन्सरला टाकीखालच्या भागात ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलेली. मी तिथल्या तिथे सांगितलं की ही दोरी काढा, पाइप दुसऱ्या बाजूला घ्या, रिटर्नला क्लॅम्प लावा. दाजी म्हणाले, "आरं डिझेल हाय ते. काडी टाकली तर काडी विझती."

काडी विझते हे खरं आहे, आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. थंड डिझेलची वाफ होत नाही, म्हणून काडीने ते पेटत नाही. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशालाही पेट घेते, डिझेलचा हा फ्लॅश पॉइंट आपल्याकडच्या मानकात किमान ३५ अंश धरलाय. पण गरम लोखंडावर पडलेल्या तेलाचा हिशेब वेगळा. तिथे काडी लागतच नाही, आपोआप पेट घेण्याचं तापमान बघावं लागतं. ते डिझेलचं साधारण २१० अंशांच्या आसपास आहे आणि पेट्रोलचं अडीचशेच्या पुढे. म्हणजे तापलेल्या पाइपच्या बाबतीत डिझेल हे पेट्रोलपेक्षा लवकर पेटणारं तेल आहे. हे आकडे प्रयोगशाळेतल्या बंद भांड्यातले. उघड्या पाइपवर, वाऱ्यात, प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. पण लो गिअरमध्ये भरल्या गाडीने घाट चढताना मॅनिफोल्ड (इंजिनचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग) आणि पुढचा पाइप तेवढा तापतो. आणि त्या दोरीने वाऱ्याचा प्रश्नही मिटवला होता. गळणारं डिझेल ती दोरी दिव्याच्या वातीसारखी पीत होती, आत पाइप तापत होता आणि बाहेरचा गारवा आत पोचत नव्हता.

श्रावण सरता सरता आम्ही वर निघालो होतो. पुढे दाजी आणि मी, मागे कामावरचे चौघे, वर कापडी हुड. शेवटच्या चढावर मागून पांढरा धूर आणि उग्र वास. दाजींना वाटलं क्लच जळतोय. मी ओरडलो, "दाजी, आधी इंजिन बंद करा." हे लक्षात ठेवा, कारण इंजिन चालू आहे तोवर रिटर्नमधून आगीला डिझेल मिळत राहतं. खाली वाकून बघितलं तर टाकीच्या बुडाला वीतभर ज्वाळा. दाजींनी पाण्याचा कॅन उचलला, तो मी हातातून काढून घेतला. डिझेल पाण्यावर तरंगतं, पाणी ओतलं की आग पाण्याबरोबर पसरते. मागे ओली गोणपाटं होती, ती दाबली, वरून रस्त्याकडेचा ओला मुरूम टाकला. विझली. माणसं सगळी सुखरूप, टाकी काळी झाली, डिझेल दाखवणाऱ्या गेजची वायर वितळली.

तेव्हापासून दाजींचं म्हणणं एकच आहे: सायलेन्सरला गवत अडकलं आणि ते पेटलं. दिवाळीला, लग्नाकार्यात, चारचौघांत हेच सांगतात. म्हणून इथे लिहून ठेवतो. त्या दिवसांत सड्यावरचं गवत पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं असतं. काळं पडलं होतं ते रिटर्नच्या जॉइंटपासून सुरू होऊन मागे निमुळतं होत गेलेलं. पाइपच्या खालच्या अंगाला, जिथे गवत अडकतं, तिथला चिखल न भाजता तसाच होता. रबरी पाइपचं टोक नळीवरून सुटून खाली लोंबत होतं. गवत टाकीवरचा पाइप सोडवत नाही.

गवताने आग लागतच नाही असं मात्र मी म्हणत नाही. गळीत हंगामात उसाच्या फडात गाडी घाला, वाळलं पाचट सायलेन्सर आणि त्याखालच्या गार्डच्या पत्र्याच्या फटीत जाऊन बसतं आणि तासाभरात धुमसायला लागतं. म्हणून सायलेन्सरखाली बंद गार्ड नको, हाताने पाचट ओढून काढता येईल अशी उघडी पट्टी असू द्या.

आता तुमच्या गाडीचं. टाकी आणि सायलेन्सर ही एकच कामगिरी समजा आणि एकाच माणसाला द्या. टाकीवाला एक आणि सायलेन्सरवाला दुसरा असला की दोघंही आपापली सोय बघतात आणि गाडीखाली दोघांची गाठ पडते. आधी सायलेन्सरचा मार्ग ठरवा, नंतर टाकीचं माप घ्या. लोक उलटं करतात, कारण टाकी दिसायला मोठी आणि पाइप काय कुठूनही वाकतो असं वाटतं. पाइप कुठूनही वाकत नाही. त्याला पुढच्या-मागच्या चाकांना फिरवणारे दोन्ही शाफ्ट चुकवायचे असतात, ब्रेकची लाइन चुकवायची असते, आणि मागचा ॲक्सल वर येतो तेव्हा त्याला जागा सोडायची असते. एक चाक दगडावर चढवून, कमानपाटा पूर्ण दबलेला असताना पाइप टेकतो का ते बघितल्याशिवाय शेवटचा टाका मारू नका. सपाट जागेवर बसवलेला सायलेन्सर पहिल्याच ओढ्यात ॲक्सलवर आपटतो.

मॅनिफोल्ड ज्या बाजूला आहे त्याच बाजूने पाइप शेवटपर्यंत न्या, डिझेलच्या दोन्ही लाइन दुसऱ्या बाजूच्या चासीच्या आतल्या अंगाने. टाकी आणि पाइपमध्ये वीतभर अंतर हवं. तेवढं मिळत नसेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, टाकीपासूनही सुटा आणि पाइपपासूनही सुटा, दोन्हीकडून हवा खेळली पाहिजे. गुंडाळायचं काही नाही. दोरी नको, काचेच्या धाग्यांची पट्टी नको. ती ओल धरते, आतून पाइप कुजतो, आणि तेल धरते तेव्हा काय होतं ते वर सांगितलं. मॅनिफोल्डनंतर लवचीक बेलो (घड्यांचा पाइप) टाका, कारण डिझेल इंजिन माउंटिंगवर हलतं आणि आखडलेला पाइप शेवटी फ्लँजला तडा देतो.

पाइपचं तोंड मागच्या कोपऱ्यात, बॉडीच्या रेषेबाहेर काढा. मागच्या चाकाच्या पुढे बाजूला काढायची फॅशन आहे, ती मला अजिबात पसंत नाही. बिनदाराच्या जीपमध्ये धूर सरळ आत येतो आणि टायर भाजतो. मागे काढलं तरी हुडचा मागचा पडदा गुंडाळून चालवू नका, चालत्या गाडीच्या मागे हवा आत ओढली जाते आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही.

टाकीसाठी जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला पत्रा कोणी सुचवला तर दुसरा माणूस शोधा. जस्ताचं आणि डिझेलचं जमत नाही, त्यातून निघणारा गाळ फिल्टर चोंदवतो. साधा एमएस पत्रा, आत आडव्या भोकाच्या पट्ट्या, म्हणजे उतारावर तेल एका बाजूला आदळत नाही. ओढायची नळी टाकीच्या मधोमध, बुडाला छोटी वाटी करून तिच्यात सोडा. मागच्या टोकाला ठेवली तर चढाला बरं वाटतं आणि टाकी निम्म्याखाली गेली की उतारावर एअर घेते. ब्रीदरचा, म्हणजे टाकीत हवा जाण्यायेण्याचा पाइप झाकणाच्या वरपर्यंत नेऊन वळवा, नाहीतर गाडी कलंडली की तिथून डिझेल बाहेर. सक्शनचा, म्हणजे डिझेल ओढणाऱ्या लाइनचा जॉइंट सैल असेल तर तो गळत नाही, हवा ओढतो आणि इंजिन अडखळतं, म्हणून कळतो. रिटर्नचा सैल जॉइंट काही न बोलता गळत राहतो. त्यामुळे रिटर्नच्या नळीच्या टोकाला फुगवटा पाडून घ्या, म्हणजे होस निसटणार नाही, तेलासाठीचाच होस लावा आणि दोन्ही टोकांना चांगले क्लॅम्प. टाकी तपासताना साबणाचं पाणी आणि दोन-तीन पीएसआय हवा पुरे, कंप्रेसरचा पूर्ण दाब सोडाल तर टाकी फुगून जाईल. आणि जुन्या टाकीला टाका मारून वापरायचा मोह नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, आतली वाफ वेल्डिंगची वाट बघत असते.

दाजींची गाडी नंतर मीच केली, अक्काने सांगितलं म्हणून. वरच्या सगळ्या गोष्टी त्या गाडीवर आहेत आणि ती अजून त्याच घाटाने रोज वर जाते. हे ते कुणाला सांगत नाहीत.

एक राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या रचनेत आरसीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलंय. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा तुमचं डिझेल इंजिन आरसीवर चढलंय का हे पहिलं बघा, आणि टाकीबद्दल आरटीओत लेखी विचारून मगच गाडी कामाला सोडा. विम्याचा दावाही याच मुद्द्यावर अडू शकतो. फक्त शेतात आणि खासगी जागेत चालवणार असाल तरी जोखीम तुमची. आणि टाकी मागे गेली म्हणजे मागून धडक बसली तर पहिली तीच, त्यामुळे मागचा बंपर चासीला बांधलेला, जाड हवा.

पाण्यातून जाणार असाल तर सायलेन्सरचं तोंड वर नेण्याचा फार विचार करू नका. इंजिन चालू असेपर्यंत धूर पाण्याला बाहेर ढकलतो. जपायचं ते हवा आत घेणारं तोंड. पाण्यात इंजिन बंद पडलं तर मात्र गाडी ओढून बाहेर काढा, तिथेच सेल्फ मारू नका.

पेट्रोल जिप्सीवाले हे वाचत असतील तर लाइनचे जुने रबरी पाइप बदलून घ्या. आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल आपल्याच भागातल्या कारखान्यांतही बनतं, पण जुनं रबर त्याने फुगतं आणि चिरतं.

खर्चाचं: टाकीत पत्र्यापेक्षा मजुरी जास्त, सायलेन्सरमध्ये बेंडची संख्या वाढली की पैसे वाढतात. गाडी न बघता आकडा सांगणाऱ्याकडे जाऊ नका. कराड, कुपवाड, मिरज, तिन्हीकडे या कामात चांगला हात असलेली माणसं आहेत. कोणाकडेही जा, पण त्याला आधी विचारा की रिटर्न कुठून नेणार. "ते बघू नंतर" म्हणाला तर गाडी परत आणा.

तुमचं इंजिन कुठलं आहे आणि मॅनिफोल्ड कुठल्या बाजूला येतो ते लिहा, खालून दोन फोटो टाका. मग पाइप कुठून काढायचा ते नेमकं सांगता येईल.