राजनैतिक अधिकारी म्हणून परदेशी पहिल्या पोस्टिंगला निघालेल्या पुतणीला

सदाशिव पेठेत एव्हाना सगळ्यांनी तुला सांगितलं असेल, "आता तुला कोणी हात लावू शकत नाही!" अर्धंच खरं. १९६१च्या व्हिएन्ना करारानुसार राजनैतिक अधिकाऱ्याला अटक होत नाही. पण त्याच कराराचं ४१वं कलम यजमान देशाचे कायदे पाळायला सांगतं. तेव्हा सिग्नलला थांबायचं, दंड आला तर निमूट भरायचा. शिवाय हे संरक्षण सोडून द्यायचा अधिकार तुझा नाही, भारत सरकारचा. तिथल्या निवडणुकीवर मत जेवणावळीतसुद्धा देऊ नकोस (पुणेकराला हेच सर्वांत जड!). नवव्या कलमाप्रमाणे यजमान देश कारण न देता तुला नकोशी ठरवू शकतो, म्हणजे परत यावं लागेल. आईचं लोणचं स्वतःच्या बॅगेत ने, तेही तिथले आयातीचे नियम बघून. राजनैतिक थैलीत, म्हणजे दूतावासाच्या सरकारी टपालाच्या पिशवीत, फक्त सरकारी कागदपत्रं आणि कामाच्या वस्तू.