घरी वर्षानुवर्षं टीपीएन (शिरेतून दिलं जाणारं संपूर्ण पोषण) चालू आहे, पिशवीत कॅल्शियमही असतं. तरी आईची हाडं ठिसूळ का झाली?

पिशवीतलं कॅल्शियम हाडात जातंच असं नाही. बरंचसं लघवीवाटे निघून जातं. अमिनो ॲसिड, सोडियम जास्त असेल किंवा अख्खी पिशवी रात्रीच्या काही तासांत चढवत असाल, तर आणखी. त्यात मूळ दुखणं आतड्याचं, बहुतेकदा स्टिरॉइडही झालेली, ड जीवनसत्त्व कमी. म्हणजे सगळा दोष टीपीएनच्या माथी मारू नका.

डेक्सा (हाडांची घनता मोजणारी तपासणी) साधारण दर एक-दोन वर्षांनी करा. २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मात्र मुद्दाम मागून तपासून घ्या, ते हमखास राहून जातं. हाडांच्या गोळ्या अशा आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, म्हणून झोलेड्रोनिक ॲसिड हे हाडांची झीज रोखणारं औषध शिरेतून देतात. त्याआधी ड जीवनसत्त्व भरून काढायला हवं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरू शकतं. दात काढायचा असेल तर तोही आधीच उरका.