बारा वर्षांची एर्टिगा दुरुस्त करावी की नवी घ्यावी?

कोल्हापूरच्या एका शिक्षिका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे नोव्हेंबर २०१४ ची डिझेल एर्टिगा आहे, पहिल्यापासून त्यांच्याच नावावर, १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेली. गॅरेजवाल्याने ९२ हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलंय: क्लच १६ हजार, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) ३६ हजार, सस्पेन्शन १८ हजार, चार टायर २२ हजार. जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा ३ लाख १० हजार द्यायला तयार आहे, वर "डिझेल आता बंदच होणार, आत्ताच काढून टाका" असंही सांगून गेलाय. नवी पेट्रोल एर्टिगा ऑन-रोड १२ लाख ६० हजारांना पडते. जुनीचे पैसे आणि बचतीतले दीड लाख घालून उरलेल्या ८ लाखांचं कर्ज, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ५ हजार, घराचा हप्ता २४ हजार. मुलगी अकरावीत आहे, इंजिनीअरिंगला जायचं म्हणते. गाडी वर्षाला नऊएक हजार किलोमीटर चालते, त्यात मालवणच्या घरी जाणं-येणं आलं.

ताईंची खरी अडचण पुढे आहे. त्यांच्या दिरांची डिझायर याच इंजिनावर पावणेतीन लाख किलोमीटर बिनतक्रार चालली. शाळेतल्या एका सरांच्या एर्टिगाने मात्र सव्वा लाख किलोमीटरच्या आतच टर्बो आणि इंजेक्टरपायी दीड लाख रुपये घेतले. यातल्या कोणाच्या अनुभवावर विश्वास ठेवायचा?

ताई, आधी माझं मत सांगतो, मग कारणं. गाडी विकू नका. दुरुस्त करा आणि अजून तीन वर्षं वापरा. फक्त दुरुस्तीचा पैसा घालण्यापूर्वी इंजिनाची एक तपासणी करून घ्या, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. ती तपासणी नापास झाली तर माझं मत बदलेल.

दिरांचं आणि सरांचं, दोघांचंही खरं आहे. मात्र दोघांच्या गाड्या तुम्हाला वाटतात तितक्या सारख्या नाहीत. फियाटचं ते १२४८ सीसीचं मल्टीजेट डिझेल इंजिन आपल्याकडे कितीतरी गाड्यांत बसलं: स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, एर्टिगा, सियाझ, टाटाची व्हिस्टा आणि मांझा, फियाटची पुंटो आणि लिनिया. पण स्विफ्ट-डिझायरला ते ७५ पीएसचं होतं, त्यावर साधा टर्बो. एर्टिगाला ९० पीएसचं, आणि त्यावरच्या टर्बोत आतल्या पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा. ताकद जास्त मिळते, पण त्या पात्यांवर काजळी बसली की ती अडकतात. गावातल्या गावात, दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, इंजिन धड तापायच्या आत बंद होणाऱ्या गाडीत काजळी जास्त धरते. म्हणजे दिरांच्या डिझायरवरून तुमच्या टर्बोचं भविष्य सांगता येत नाही. सरांची गाडी तुमच्या जवळची आहे, पण ती रोज कशी चालायची, ऑइल किती किलोमीटरला बदललं जायचं, हे कळल्याशिवाय तिच्यावरूनही काही ठरवू नका.

टिकाऊपणाच्या गोष्टी ऐकताना मी आणखी एक पाहतो. टॅक्सीवाला जेव्हा "चार लाख झाले, इंजिनाला हात लावला नाही" म्हणतो, तेव्हा ते चार लाख पाच-सहा वर्षांत, बहुतेक हायवेवर, सलग धावून झालेले असतात. तुमचे १ लाख ३८ हजार बारा वर्षांत झालेत. लोखंड किलोमीटरने झिजतं, पण रबर वयानेही म्हातारं होतं. बुश, होज पाइप, इंजिन माउंटिंग, ऑइल सील, एसीचे पाइप यांना गाडी उभी असली तरी वर्षं लागतातच. वर मालवणची खारी हवा आणि कोकणातला पाऊस. म्हणून पुढच्या तीन वर्षांत तुमचा खर्च इंजिनापेक्षा या बारीकसारीक वस्तूंवर होईल असं धरून चाला. मॉडेलचं नाव कितीही चांगलं असो, तुमच्या पैशाच्या दृष्टीने महत्त्वाची तुमच्या गाडीची फाइल आहे. पहिल्यापासून मालक तुम्हीच आहात, सर्व्हिसची बिलं घरात आहेत, अपघात झालेला नाही, हे सगळं तुमच्या मेलमध्ये आहे आणि माझ्या मताचा निम्मा भार त्यावरच आहे. अशीच गाडी बाजारातून घ्यायला निघालेल्या माणसाला मी इतक्या सहज हो म्हटलं नसतं.

आता आकडे. जुनी ठेवली तर तीन वर्षांत काय जाईल? आजचं एस्टिमेट पूर्ण ९२ हजार धरू. त्यानंतर सर्व्हिस आणि किरकोळ दुरुस्तीला वर्षाला ३५ हजार, म्हणजे १ लाख ५ हजार. विमा वर्षाला दहाएक हजार, तीन वर्षांचे ३० हजार. आज ३ लाख १० हजारांना जाणारी गाडी तीन वर्षांनी दीड लाखाला जाईल असं समजू, म्हणजे तिथे १ लाख ६० हजार गेले. एकूण ३ लाख ८७ हजार.

नवी घेतली तर पहिल्या तीन वर्षांत किंमत घसरते साधारण ५ लाखांनी. रोड टॅक्सचे सव्वा लाखावर रुपये शोरूममधून बाहेर पडताच संपलेले असतात, ते परत विकताना कोणी देत नाही. कर्जाचा हप्ता येतो १६,६०७ रुपये, त्यातलं पहिल्या तीन वर्षांचं व्याज १ लाख ६१ हजार. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विमा ४५ हजार, सर्व्हिस ३० हजार. डिझेलवरून पेट्रोलवर गेल्याने तुमच्या नऊ हजार किलोमीटरला वर्षाला साडेतेरा हजार इंधन जास्त, म्हणजे ४० हजार. बेरीज ७ लाख ७६ हजार.

फरक ३ लाख ८९ हजारांचा आहे. मी धरलेल्या सगळ्या खर्चाच्या वर आणखी जवळपास ३ लाख ९० हजार रुपये जुन्या गाडीने खाल्ले, तरच नवी गाडी तीन वर्षांत स्वस्त ठरेल. उद्या सरांच्या गाडीसारखा दीड लाखाचा झटका बसला, तरीही तुम्ही दोन लाखांहून जास्त पुढेच राहता. नवी गाडी घ्यावीशी वाटणं अगदी स्वाभाविक आहे, फक्त "दुरुस्तीत पैसे घालण्यापेक्षा नवी परवडते" हे तिचं कारण होऊ शकत नाही.

मला खटकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. घराचा २४ हजारांचा हप्ता आणि गाडीचा १६,६०७ मिळून ४० हजार ६०० होतात, पगाराच्या शंभरातले जवळपास ३९ रुपये. मुलगी २०२७ च्या जूनमध्ये कॉलेजात जाईल. सरकारी जागा मिळते की खाजगी, कोल्हापुरातच राहते की पुण्याला होस्टेल, हे आज कोणालाच माहीत नाही. त्या चार वर्षांतली पहिली जवळजवळ साडेतीन वर्षं गाडीचा हप्ता चालूच राहील. अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात फीचा आकडा समोर येतो तेव्हा हप्ता थांबवता येत नाही. आरडी मोडता येते.

म्हणून असं करा. १६,६०० रुपये दरमहा बाजूला पडू शकतात हे तुम्ही स्वतःच मान्य केलंय, तर ते पडू द्या, पण तुमच्याच खात्यात. ४ हजार वेगळ्या बचत खात्यात, फक्त गाडीसाठी. वर्षाचे ४८ हजार होतात, मी धरलेल्या ३५ हजारांपेक्षा जास्त, उरतील ते साठू द्या. १२,५०० ची तीन वर्षांची आरडी. साडेसहा टक्क्यांनी तिचे पाच लाखांच्या आसपास होतील. जुन्या गाडीचे दीड लाख मिळवले तर २०२९ मध्ये नवी घेताना आजच्या किमतीच्या निम्म्याइतकंच कर्ज लागेल. मधेच फीला कमी पडलं तर आरडी आहेच, गाडी एक वर्ष उशिरा येईल. आजचं ९२ हजारांचं बिल बचतीतल्या त्या दीड लाखातून भरा, पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डाचे हप्ते नकोत.

आता ती तपासणी. शिवाजी उद्यमनगरात डिझेल इंजिनाचं काम पिढ्यान् पिढ्या करणारी माणसं आहेत. एस्टिमेट देणाऱ्या गॅरेजशी संबंध नसलेल्या एखाद्या मिस्त्रीकडे गाडी न्या आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून आकडे लिहून घ्या. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडायला सांगा. तिथून धूर भकाभका उसळत असेल तर पिस्टन-रिंग थकल्यात. सकाळी गार इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूने खडखड येते का ते ऐका. या इंजिनाला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. ती ठराविक किलोमीटरला बदलावी लागत नाही, पण ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत सैल होते आणि वाजते. शेवटी गाडी लिफ्टवर घेऊन खालून चॅसिसचा गंज बघा, नुसता वरवरचा तांबूस थर आहे की स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आत जातोय.

कॉम्प्रेशन ठीक आणि चॅसिस घट्ट, तर दुरुस्ती निर्धास्त करा. चॅसिस गंजून पोकळ झाली असेल तर एक रुपयाही घालू नका, तीन लाख दहा हजार घ्या आणि मोकळ्या व्हा.

टर्बोच्या ३६ हजारांबद्दल मला शंका आहे. तुम्ही लिहिलंय की फोंडा घाट चढताना गाडी दम टाकते आणि काळा धूर सोडते. टर्बो खराब असल्याचं ते लक्षण असू शकतं, पण टर्बो आणि इंटरकूलरच्या मधला रबरी होज चिरला तरी नेमकं असंच होतं, व्हॅक्यूमची बारीक नळी फुटली तरी तसंच. मिस्त्रीला आधी होज काढून आतून बघायला सांगा, मग टर्बोच्या तोंडाचा पाइप काढून शाफ्ट बोटाने हलवून बघायला. शाफ्ट वर-खाली बराच हलत असेल तर टर्बो गेलाय. तितका हलत नसेल तर होज, नळ्या आणि काजळीची सफाई एवढ्यावर भागण्याची शक्यता चांगली आहे, आणि तुमचं बिल साठ हजारांच्या आत येईल. वरच्या हिशोबात मी ही बचत धरलेली नाही. क्लच, सस्पेन्शन आणि टायर मात्र टाळू नका. घाटात माणसं घेऊन जाणारी गाडी आहे.

"डिझेल बंद होणार" याबद्दल थोडक्यात. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी हा वाद दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागातला आहे, हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमधून आलेला. कोल्हापूरच्या तुमच्या खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, म्हणजे नोव्हेंबर २०२९ पर्यंत आहे. त्यापुढे फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि नूतनीकरणाची फी भरून पाच-पाच वर्षं वाढवता येतं, एप्रिल २०२२ मध्ये ती फी मोटारीला ५ हजार झाली. पण नियम कडक होत चाललेत आणि डिझेल एर्टिगाचं गिऱ्हाईक दरवर्षी कमी होईल हेही खरं आहे. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या बनवणं थांबवलंय. म्हणून मी तीन वर्षं म्हणतोय, सात-आठ नाही. रजिस्ट्रेशनचे काही महिने शिल्लक असतानाच विका, संपल्यावर भाव पडतो.

एका मुद्द्यावर नव्या गाडीची बाजू खरोखर भक्कम आहे, आणि तो पैशाचा नाही. तुमच्या व्हेरियंटला एअरबॅग नाहीत असं तुम्ही लिहिलंय. हिशोबात याला रकाना नाही आणि मी तो ओढूनताणून बसवणार नाही. सासूबाई आणि मुलीला घेऊन रात्रीचा घाट वरचेवर करत असाल आणि हीच काळजी मनात असेल, तर तीनऐवजी दीड-दोन वर्षांत बदला, मी अडवणार नाही. पण नवी म्हणजे सुरक्षित असंही समजू नका. गाड्या आदळवून सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या जुलै २०२४ च्या चाचणीत दोन एअरबॅगच्या एर्टिगाला मोठ्या माणसांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी एकच तारा मिळाला होता. २०२५ मध्ये सगळ्या व्हेरियंटना सहा एअरबॅग आल्या, तरी घ्यायच्या वेळी ताजा निकाल बघा आणि सात सीट खरंच लागतात का तेही. लागत नसतील तर चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या पेट्रोल गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे, एर्टिगासारख्या लांब गाडीवर ४० टक्के. किमतीत तो फरक मोठा असतो.

विम्याचं नूतनीकरण जवळ आलंय म्हणालात. इतक्या जुन्या गाडीचा फक्त थर्ड पार्टी काढा असं कोणी सांगेल, १००० ते १५०० सीसीला २०२२ च्या दराने तो जीएसटी सोडून ३,४१६ रुपयांत होतो. मी तुमच्या जागी ओन डॅमेजसह, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचीही भरपाई देणारी, पूर्ण पॉलिसी ठेवेन, कारण कोकणात पुराचं पाणी आणि झाड पडणं हे धोके खरे आहेत, आणि पाच वर्षं क्लेम नसल्याने मिळालेला ५० टक्के नो क्लेम बोनस तुमच्या नावावर आहे, गाडीच्या नव्हे. २०२९ ला गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, तो नव्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियमला लागू होईल. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर हा बोनस जातो, तेव्हा गाडी दुरुस्तीला गॅरेजमध्ये उभी असली तरी तारीख चुकवू नका. कॉम्प्रेशनचे आकडे आले की मला कळवा.